वाढत्या मुलाची भूक : दोष की देणे?

घरात वाढते मूल असले आणि डब्यात पीठ बेताचे असले, म्हणजे दिवसातून दोनतीनदा एक प्रश्न ऐकावयास मिळतो : "आताच तर जेवलास, इतक्यात पुन्हा भूक कशी?" विचारणारी माता निष्ठुर नसते. महिना संपावयास आठ दिवस आहेत आणि डब्याचा तळ दिसू लागला आहे, हे ती जाणते व त्या भीतीने बोलते. परंतु मुलाच्या कानी ती भीती पडत नाही. दोषारोप मात्र पडतो. आपल्याला भूक लागते हाच काही अपराध आहे, असे त्याच्या मनावर ठसते.

हा विषय दिसावयास चुलीपाशी संपणारा आहे. परंतु त्यात नीतीचे तीन प्रश्न दडलेले आहेत. वाढत्या मुलाची सततची भूक हा स्वभावाचा दोष आहे काय? अन्न थोडे असता न्याय्य वाटणी कोणती? आणि ज्या घरी पुरत नाही, त्या घराचे शेजाऱ्यांवर व मंडळीवर काही देणे लागते काय? वाचकहो, या तिन्हींचा आपण क्रमाने विचार करू.

पहिला प्रश्न भुकेच्या दोषाविषयी. लोभ हे पाप आहे व अधाशीपणा हा दुर्गुण आहे, हे कोणीही नाकारणार नाही. तथापि लोभ आणि भूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लोभ गरज सरल्यावर सुरू होतो. भूक गरज असते तोवर राहते. तेव्हा वाढत्या मुलाची गरज किती, हे आधी ठाऊक पाहिजे. त्यावाचून त्यास अधाशी ठरविणे म्हणजे साक्ष न घेता निकाल देणे होय.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 साली कोणत्या वयास किती अन्न लागते याचे आकडे प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणे मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषास दिवसास सुमारे 2,710 उष्मांक लागतात. आणि तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास 2,860. म्हणजे बापापेक्षा मुलाची गरज अधिक! सोळा ते अठरा या वयात ती 3,320 पर्यंत चढते. हे ऐकून आश्चर्य वाटेल. परंतु कारण उघड आहे. बाप आपले शरीर राखतो. मुलगा आपले शरीर राखतो, खेळतो, ओझी वाहतो आणि शिवाय नवीन हाड व नवीन मांस बांधतो. वाढीचा वेग भरात असता मुलगा एका वर्षात नऊ-दहा सेंटीमीटर उंच होतो. घर बांधणाऱ्याकडे रोज विटांच्या गाड्या येतात, तेव्हा आपण त्यास उधळ्या म्हणत नाही.

आता हेच भाकरीच्या हिशेबाने पाहू. एका मध्यम भाकरीस 65 ग्रॅम ज्वारीचे पीठ लागते असे धरले, तर तिच्यातून सुमारे 220 उष्मांक मिळतात. चौदा वर्षांच्या मुलाची गरज नुसत्या भाकरीने भागवावयाची झाल्यास त्यास दिवसाकाठी तेरा भाकरी खाव्या लागतील. आणि दोन वेळांस मिळून सहा भाकरी खाणाऱ्या मुलास आपण पंक्तीत हसतो!

येथे कोणी म्हणेल, "भुकेले असले तरी चांगल्या वळणाच्या मुलाने ताटाकडे टक लावू नये, डब्यातले चोरून खाऊ नये, चिडचिड करू नये." यास उत्तर म्हणून एक खरी हकीकत सांगतो. 1944 साली महायुद्ध चालू असता अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने उपासमारीचा एक प्रयोग आरंभिला. त्यास 36 तरुण आपखुशीने तयार झाले. हे लोक सद्सद्विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र धरण्याचे नाकारणारे होते, आणि त्यांतील पुष्कळ जण युद्ध निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती पंथांतले होते. युरोपातील उपाशी लोकांस सावरावयाचे कसे, हे कळावे म्हणून त्यांनी हा त्रास पत्करिला. चोवीस आठवडे त्यांस दिवसास सरासरी 1,570 उष्मांकांच्या आसपास अन्न दिले गेले व त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. पुढे काय झाले? हे शिकलेले, निग्रही, सदाचारी लोक रात्रंदिवस अन्नाविषयी बोलू लागले. ते पाककृतींची पुस्तके वाचीत बसत, ताटे चाटीत, क्षुल्लक कारणाने संतापत. आणि काहींनी तर नियम मोडून चोरून खाल्ले. त्यांचा स्वभाव बिघडला नव्हता. त्यांचे पोट रिकामे होते. अन्न मिळू लागल्यावर हळूहळू ते पूर्ववत् झाले. विचारी प्रौढांची जर ही अवस्था, तर तेरा वर्षांच्या पोराने साखरेच्या डब्यात बोट घातले म्हणून त्याच्या चारित्र्याविषयी मोठा निकाल द्यावयास आपण धजू नये.

उपदेशक बंधूंस मार्काच्या शुभवर्तमानातील शब्बाथ दिवसाचा प्रसंग स्मरत असेल. शेतातून जाताना शिष्य कणसे मोडू लागले व परूश्यांनी त्यांवर दोष ठेविला. प्रभूने शिष्यांस रागे भरले नाही. दावीद भुकेला असता त्याने काय केले, याची त्याने आठवण दिली. भुकेल्याने खाल्ले यात दोष शोधणाऱ्यांस त्याने गप्प केले, भुकेल्यास नव्हे.

मग मुलास संयम शिकवावयाचाच नाही काय? अवश्य शिकवावा. त्यासाठी खरी भूक व जिभेची हौस यांतील भेद ओळखता आला पाहिजे, आणि त्याची कसोटी प्रत्येक घरी आहे. भुकेल्या मुलापुढे शिळी भाकरी व चटणी ठेवा. तो आनंदाने खाईल. हौशी मुलगा भाकरी बाजूस सारून पुड्यातला खाऊ मागेल. पहिल्यास अन्न द्यावे, दुसऱ्यास शिस्त लावावी. ज्या घरी पहिल्यास शिस्त व दुसऱ्यास खाऊ मिळतो, त्या घरचा न्याय उलटा झाला असे समजावे.

आता दुसरा प्रश्न, वाटणीचा. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आईबाप म्हणतात, आणि ते खोटे नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील कुटुंबास माणशी महिना पाच किलो धान्य मिळते व 2023 पासून ते विनामूल्य आहे. हा मोठाच आधार होय. परंतु पाच किलो म्हणजे दिवसास 166 ग्रॅम; त्यातून मिळतात सुमारे 560 उष्मांक. पाच माणसांच्या घराचे सारे पंचवीस किलो एकत्र केले तरी दिवसास जे उष्मांक निघतात, ते चौदा वर्षांच्या एका मुलाच्या गरजेइतकेच भरतात. उरलेल्या चौघांचे सर्व अन्न, आणि पाचांचे डाळ, तेल, भाजी, मीठ, हे मजुरीच्या पैशातून यावयाचे असते. पावसाने ओढ दिली की मजुरी थांबते, पण भूक थांबत नाही.

अशा घरात वाटणी कोणत्या नियमाने करावी? एक पक्ष म्हणतो, सर्वांस सारखे वाढावे. हे ऐकावयास न्याय्य वाटते. परंतु सात वर्षांच्या मुलीस, पंधरा वर्षांच्या मुलास व सत्तर वर्षांच्या आजीस मोजून तीन-तीन भाकरी दिल्या, तर एकीच्या ताटात उरेल, एक उपाशी उठेल, आणि सारखेपणा राखूनही न्याय घडणार नाही. दुसरा पक्ष म्हणतो, कमावत्यास आधी द्यावे. तो पडला तर सारेच उपाशी मरतील. यात तथ्य आहे. जड कष्ट करणाऱ्या पुरुषास 3,470 उष्मांक लागतात, हेही त्याच परिषदेने सांगितले आहे. ऊस तोडणाऱ्याचे किंवा विहीर खणणाऱ्याचे ताट कमी करा असे कोणी शहाणा सांगणार नाही. परंतु या नियमाच्या आड पुष्कळदा दुसराच नियम वावरत असतो, आणि तो मानाचा असतो. ज्या दिवशी बाप कामावर गेला नाही त्या दिवशीही पहिले व भरलेले ताट त्याचेच, आणि ज्या दिवशी आईने दिवसभर खुरपले त्या दिवशीही शेवटचे व रिकामे ताट तिचेच. याला कष्टाचा न्याय म्हणता येत नाही.

खरा नियम असा दिसतो : ज्यास जितकी गरज त्यास तितके, आणि गरज मोजावयाची ती कष्टाने व वाढीने, मानाने नव्हे. कष्ट व वाढ यांत मात्र एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे. प्रौढाचे उतरलेले वजन पुढील सुगीत बहुधा भरून येते. मुलाच्या वाढीची वर्षे ठरावीक असतात. ती उपासात गेली तर पुढे कितीही खाऊ घातले तरी त्यांतले सारे परत मिळत नाही. ज्या पेरणीची वेळ चुकू द्यावयाची नसते, तशी ही आहे.

येथे मुलींविषयी विशेष बोलणे अवश्य आहे. मुलीच्या वाढीचा वेग मुलाच्या सुमारे दोन वर्षे आधी, अकरा-बारा वर्षांच्या सुमारास, भरास येतो. दहा ते बारा वर्षांच्या मुलीस 2,060 उष्मांक लागतात. मध्यम कष्ट करणाऱ्या तिच्या आईस 2,130. म्हणजे शेतात राबणाऱ्या आईइतकेच अन्न त्या लहानशा दिसणाऱ्या मुलीस पाहिजे. पुढे ऋतुप्राप्ती झाली की रक्त घडविणाऱ्या लोहाची तिची गरज त्याच वयाच्या भावापेक्षा अधिक होते : तिला दिवसास 30 मिलिग्रॅम, तर त्याला 22. आणि नेमक्या याच वयात तिच्या कानी पडते, "मुलीच्या जातीने इतके खाऊ नये." भावास दूध, तिला चहा, भावास अंडे, तिला रस्सा. याईराच्या मुलीची कथा आपण शब्बाथशाळेत शिकवितो. ती मुलगी बारा वर्षांची होती. प्रभूने तिला उठविले, आणि लोक थक्क होऊन उभे असता त्याने सांगितले ते असे, की हिला काही खावयास द्या. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतरही बारा वर्षांच्या मुलीची भूक ज्याच्या ध्यानात राहिली, त्याच्या नावाने जमणाऱ्या घरांत मुलीचे ताट लहान असू नये.

आणि माता? ती सर्वांस वाढून उरलेले खाते, किंवा "मला भूक नाही" असे म्हणून पाणी पिऊन निजते. या त्यागाची आपण फार स्तुती करतो. प्रीतीमुळे घडणाऱ्या त्यागास मी उणे लेखीत नाही. परंतु नित्याचा गुप्त त्याग घरातील तूट झाकून ठेवितो. बापास वाटते, सर्वांस पुरले. मग तो तंबाखूचा खर्च का कमी करील? मुलास वाटते, आईला भूक लागतच नाही. आणि मुलगी पाहते व शिकते, की स्त्रीने उपाशी राहणे हाच धर्म. शिवाय अशक्त मातेच्या पोटी पुढचे मूल अशक्त जन्मते, आणि वाचविलेली भाकरी दुप्पट भरावी लागते. यास्तव माझी विनंती ही, की निदान एका वेळेस तरी सर्व कुटुंबाने एकत्र बसावे, भाकऱ्या मध्ये ठेवाव्या, आणि किती आहेत ते सर्वांनी पाहून मग वाटावे. तूट असेल तर ती सर्वांस दिसो. जी तूट दिसते तिच्यावर उपाय निघतो.

ती तूट कोठून भरावी? मुलाच्या ताटास किंवा आईच्या ताटास हात लावण्यापूर्वी तंबाखू, मिश्री, बिडी यांचा हिशेब व्हावा. दारूविषयी तर बोलावयासच नको. त्याच्या खालोखाल बिस्किटांचे व तळलेल्या खाऊचे लहान पुडे येतात. आठवडाभर रोज पाच-दहा रुपयांनी जाणारा तो पैसा एके ठिकाणी जमवावा, आणि तेवढ्यात आठवड्याच्या बाजारी शेंगदाणे व फुटाणे किती येतात ते पाहावे. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 170 उष्मांक व सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात. पुड्याने तोंड गोड होते. शेंगदाण्याने दोन तास निघतात.

चुलीविषयी बहिणींस मी काय शिकवावे? तथापि आरोग्यसेविका व पोषणशास्त्र जाणणारे लोक जे सांगतात, ते थोडक्यात लिहितो. वरण पातळ करून पुरविण्याचा मोह टाळावा. पाण्याने पोट फुगते, भूक राहते. त्यापेक्षा डाळ धान्यात मिसळावी. ज्वारी, बाजरी, गहू किंवा तांदूळ तीन-चार भाग आणि डाळ किंवा कडधान्य एक भाग, असे एकत्र आले म्हणजे एकातील उणे दुसरे भरून काढते व तेच अन्न अंगी अधिक लागते. थालीपीठ, धपाटे, घट्ट खिचडी, हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, हे सर्व याच नियमाचे पदार्थ आहेत. आपल्या आज्यांस तो पुस्तकावाचून ठाऊक होता. चुलीवरून उतरताना मुलाच्या वाट्यावर चमचाभर तेल घातले तर सुमारे 45 उष्मांक वाढतात. नाचणीने हाडांस चुना मिळतो. अंबाडी, तांदुळजा, शेवग्याचा पाला बांधावर किंवा परसात मिळतो. त्यावर लिंबू पिळावे, म्हणजे त्यातील लोह अधिक लागते, आणि जेवणास लागून चहा घेऊ नये, कारण तो लोह अडवितो. अंडे किंवा सुकट परवडेल तेव्हा आणावी व ती मुलामुलींस सारखी द्यावी. शाळेतून येणाऱ्या मुलासाठी सकाळचीच एक भाकरी शेंगदाण्याच्या चटणीसह फडक्यात बांधून ठेवावी. ती त्याच्या हक्काची आहे असे त्यास ठाऊक असले, म्हणजे डबे उघडण्याची सवय आपोआप कमी होते.

मुलाशी बोलणेही अन्नाइतकेच महत्त्वाचे आहे. घरात कमी आहे ही गोष्ट त्यापासून लपवू नये, आणि ते कमी त्याच्यामुळे आहे असेही भासवू नये. "बाळा, तुझी भूक खरी आहे, आज इतकेच आहे, तू, ताई व धाकटा मिळून असे वाटून घ्या," असे सांगितलेले मूल उपाशी असले तरी अपमानित होत नाही. वाटून खावयास तेच मूल शिकते, ज्याचा वाटा कोणी मान्य केलेला असतो.

एक सावधगिरीची सूचना. मूल पुष्कळ खाते, वरचेवर पाणी पिते, वारंवार लघवीस जाते आणि तरीही झपाट्याने वाळत चालले आहे, असे दिसल्यास ती वाढीची भूक नव्हे. तो मधुमेह असू शकतो, आणि मुलांत तो त्वरेने जिवावर बेततो. अशा मुलास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. दृष्ट काढण्यात वेळ दवडू नये.

आता तिसरा व शेवटचा प्रश्न, इतरांच्या देण्याचा. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत रोजच्या वाढणीत काही विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी ही बायकांची चुलीवरची भांडणे म्हणून सोडून दिली नाही. त्यांनी मंडळी बोलाविली व या एका कामासाठी सात चांगले पुरुष नेमिले. तेव्हा कोणाच्या ताटात किती पडते, हा मंडळीचा विषय आहे, हे आरंभापासून ठरलेले आहे.

आपल्या खेड्यांत हे काम कसे करता येईल? पुष्कळ शिधापत्रिकांवर नंतर जन्मलेल्या मुलांची नावे चढविलेलीच नसतात. एका नावाची किंमत महिना पाच किलो धान्य आहे. अर्ज लिहिता येणारा उपदेशक एका दुपारी दोन-चार घरांचे हे काम करू शकतो. शाळेतील पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलास 450 व सहावी ते आठवीच्या मुलास 700 उष्मांकांचे जेवण मिळावे असा सरकारी नियम आहे. ते नीट शिजते की नाही हे पाहण्याचा पालकांस अधिकार आहे. परंतु आठवी संपली की ते जेवण बंद होते, आणि ते नेमके चौदाव्या वर्षी, जेव्हा भूक वाढतच असते. नववीस गेलेला मुलगा किंवा मुलगी ज्या गरीब घरात आहे, ते घर पंचांनी ध्यानात ठेवावे. मे महिन्याच्या सुटीतही हीच अडचण असते. सुगीच्या उपकारस्तुतीस आलेल्या धान्याचा लिलाव करून पैसा जमविण्याची वहिवाट पुष्कळ ठिकाणी आहे. त्यातील चार पायली अशा घरांसाठी वेगळ्या काढल्या, तर देवाच्या दानाचा अनादर होणार नाही. आणि हे देताना नाव पुकारू नये. कारण भुकेल्यास अन्नाबरोबर लाज वाढणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने घेणे होय.

तात्पर्य, वाढत्या मुलाची भूक हा त्याचा दोष नव्हे; ते त्याचे आपल्याकडे असलेले येणे आहे. गरिबाकडून ते कधी कधी पुरते फिटत नाही, आणि न फिटल्याचा दोषही त्यावर ठेवू नये. परंतु देणे न फिटणे वेगळे आणि येणेकऱ्यास चोर म्हणणे वेगळे. पहिले दारिद्र्य आहे; दुसरे अन्याय आहे. दारिद्र्य एका दिवसात आपल्या हाताने जाणार नाही. तो अन्याय मात्र आज रात्रीच्या जेवणापासून बंद करता येईल.